एन्मेतेना, लगाशचा राजा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा एन्मेतेना नेमका कोण?

आजच्या दक्षिण इराकमध्ये, टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या मधल्या सपाट मुलखात इ.स.पू. २४०० च्या आसपास लगाश नावाचं सुमेरियन नगरराज्य होतं, त्याचा हा राजा. राजा म्हणतोय खरं, पण तो स्वतःला एन्सी म्हणवतो, म्हणजे देवाच्या वतीने कारभार बघणारा. मालक निंगिर्सु नावाचा देव, जमीन त्याची, कालवे त्याचे आणि भांडणंसुद्धा त्याचीच. घराणं पणजोबा उर-नान्शेने सुरू केलं. आजोबा अकुर्गल, काका एआन्नातुम (गिधाडांचा शिलास्तंभ नावाचं कोरीव विजयस्मारक ज्याचं, तो), वडील एन्आन्नातुम पहिला. एन्मेतेना किमान १९ वर्षं गादीवर होता कारण त्याच्या १९ व्या वर्षाची नोंद असलेली मातीची पाटी सापडलीय.

एन्तेमेना आणि एन्मेतेना वेगळे का?

नाही, एकच माणूस. जुन्या पुस्तकांत एन्तेमेना छापलंय, हल्लीचे अभ्यासक एन्मेतेना वाचतात. सर्च करताना दोन्ही स्पेलिंग टाका, नाहीतर अर्धी माहिती हुकते.

सुमेरियन राजांच्या प्रसिद्ध यादीत त्याचं नाव का नाही?

त्या यादीत लगाशचं कोणीच नाही, अख्खं घराणं गायब आहे, इतकी देवळं आणि इतके शिलालेख असूनही. ज्यांनी ती यादी नंतर लिहिली त्यांना लगाशला मोजायचं नव्हतं एवढं उघड दिसतं. म्हणून एन्मेतेना आपल्याला कळतो तो जवळजवळ पूर्णपणे त्याच्याच लेखांतून आणि त्याच्या काळच्या हिशोबाच्या पाट्यांतून. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

लगाश म्हणजे एक शहर का?

राज्याचं नाव लगाश, पण त्यात मोठी शहरं तीन. गिर्सु (आजचं तेल्लो), खुद्द लगाश (आजचं अल-हिबा) आणि निगिन (आजचं झुरघुल). निंगिर्सुचं मोठं देऊळ एनिन्नु हे गिर्सुला होतं आणि बहुतेक लेखही तिथेच मिळाले. बसऱ्याला फ्रान्सचे उपवाणिज्यदूत असलेल्या एर्नेस्त द सार्झेक यांनी १८७७ मध्ये तेल्लोला खणायला सुरुवात केली, त्यामुळे एन्मेतेनाच्या बऱ्याच वस्तू आज पॅरिसला लूव्र म्युझियममध्ये बघायला मिळतात. तोपर्यंत सुमेरियन लोक खरंच होते का यावरच विद्वानांचे वाद चालले होते, तेल्लोच्या वस्तू आल्यावर ते बरेचसे थंडावले.

उम्माशी भांडण कशावरून?

शेतजमीन आणि पाणी. उम्मा हे शेजारचं राज्य, गिर्सुपासून तीसेक किलोमीटरवर. मधे गुएदेना नावाचा सुपीक पट्टा. आपल्या गावाकडचं बांधावरचं भांडण ज्याने पाहिलंय त्याला हे सांगायला नको, फक्त इथे बांध कोरणारा शेजारी सैन्य घेऊन येतो आणि कोर्टात देव बसलेले असतात.

एन्मेतेनाने या भांडणाची सगळी पार्श्वभूमी मातीच्या एका शंकूवर लिहून ठेवली. साधारण पाव मीटर उंचीचा भाजलेल्या मातीचा शंकू आणि त्याच्या अंगावर सहा रकान्यांत चौकटी पाडून कोरलेली कीलाक्षरं. एक प्रत लूव्रमध्ये आहे, दुसरी अमेरिकेत येल विद्यापीठाकडे. राजे लोक सहसा लिहितात की मी अमुक देऊळ बांधलं, तमुक शत्रू मारला, संपलं. हा गडी मात्र आपल्या पणजोबांच्याही आधीपासून सुरुवात करतो आणि वादाच्या पायऱ्या क्रमाने मांडत जातो, म्हणून याला इतिहासलेखनाची सुरुवात म्हणणारे पण आहेत. माझ्या मते ती दाव्याची कैफियत आहे. वादी आपली बाजू मांडतोय, आणि वादी जसा जे गैरसोयीचं ते गाळतो तसा हाही गाळतो.

शंकूवर लिहिलंय तरी काय?

थोडक्यात सांगतो, जरा लांबेल पण मजा त्यातच आहे.

सुरुवात देवांपासून. सगळ्या देशांचा राजा आणि देवांचा बाप एन्लिल, त्याने निंगिर्सु आणि उम्माचा देव शारा यांच्या मधली हद्द ठरवून दिली. मग किश शहराचा राजा मेसिलिम याने इश्तरान देवाच्या शब्दावरून दोरीने जमीन मोजली आणि तिथे दगड रोवला. मेसिलिम त्या काळचा वजनदार माणूस, दोन्ही बाजू त्याचं ऐकत होत्या, आजच्या भाषेत लवाद. पुढे उम्माचा राजा उश याने तो दगड उखडला आणि लगाशच्या रानात घुसला. निंगिर्सुने त्याच्यावर आपलं मोठं जाळं टाकलं, रानात प्रेतांचे ढीग लागले.

त्यानंतर काका एआन्नातुम येतो. त्याने उम्माच्या एनाकल्लेबरोबर बसून हद्द पक्की केली, पाटाचं पाणी गुएदेनापर्यंत आणलं, मेसिलिमचा दगड पुन्हा जागेवर लावला आणि स्वतःचे नवे रोवले. आणि एक गोष्ट केली जी मला फार हुशारीची वाटते, उम्माच्या बाजूला साधारण तेराशे मीटर रुंदीची पट्टी त्याने कुणाच्याच मालकीची नाही अशी ठेवून दिली.

पुढची पिढी उर-लुम्माची, हा उम्माचा. त्याने हद्दीच्या पाटांचं पाणी वळवलं, दगडांना आग लावली, फोडले, बांधावर बांधलेली देवांची ठाणी पाडली, परमुलखातली माणसं भाड्याने आणली आणि हद्द ओलांडली. एन्आन्नातुम त्याच्याशी लढला. आणि मग वाक्य येतं की एन्मेतेना, एन्आन्नातुमचा लाडका मुलगा, याने त्याला हरवलं. उर-लुम्मा पळाला, पाठलाग करून त्याला खुद्द उम्मातच मारलं. लुम्मागिर्नुन्ता कालव्याच्या काठावर त्याने गाढवांच्या ६० जोड्या सोडून दिल्या आणि त्यांच्या माणसांची हाडं रानात पसरली होती. एन्मेतेनाने पाच ठिकाणी प्रेतांचे ढिगारे रचले.

बापाचं काय झालं? तो जिंकला का, मेला का, शंकू एक अक्षर बोलत नाही. गंमत म्हणजे एन्आन्नातुमच्या स्वतःच्या एका लेखात उर-लुम्माला आपणच ठेचला असा दावा आहे. म्हणजे एकाच लढाईचं क्रेडिट बाप पण घेतोय आणि पोरगा पण.

शंकूवर उम्माच्या कर्जाचा भाग काय आहे? तो आकडा खरा आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. हद्द ठरली तेव्हा उम्माला लगाशच्या देवांचं जव, म्हणजे बार्ली, व्याजाने वापरायला मिळालं, १ गुरू. गुरू हे प्रचंड माप आहे, जवळपास ५ लाख १८ हजार लिटर. शंकू म्हणतो की त्यावर व्याज चढत गेलं आणि रक्कम झाली ८६ लाख ४० हजार गुरू (अंकांचं वाचन काही जण वेगळं करतात, पण हे जास्त चालतं).

आता रफ हिशोब करा. ते होतात साधारण साडेचार लाख कोटी लिटर, वजनात अंदाजे २७५ ते २८० कोटी टन. आज सगळं जग मिळून वर्षाला १५ कोटी टनांच्या आसपास बार्ली पिकवतं, म्हणजे अख्ख्या जगाची अठरा वर्षांची बार्ली एका उम्माने लगाशला द्यायची! अर्थातच कोणी देणार नव्हतं, कोणी तशी अपेक्षाही केली नसणार. पण आकडा हवेतून आलेला नाही. धान्याच्या कर्जावर एक तृतीयांश व्याज हा सुमेरमध्ये नेहमीचा दर होता. १ गुरूवर दर साल तेवढं चक्रवाढ लावत गेलात तर पंचावन्न-छप्पन वर्षांत तुम्ही इथेच पोचता, कॅलक्युलेटर घेऊन बघा. चक्रवाढ व्याजाचा हा सगळ्यात जुना लेखी दाखला असं म्हणतात ते यावरूनच.

या आकड्याचं काम वसुलीचं नाहीच. समोरचा कायम डिफॉल्टर राहावा, म्हणजे तो एक पाऊल पुढे आला की आपली लढाई आपोआप रास्त ठरते, याच्यासाठी तो लिहिलाय.

इल कोण? त्याच्याशी पण लढाई झाली का?

उर-लुम्मा मेल्यावर उम्माची गादी इल नावाच्या माणसाने घेतली. शंकू त्याची ओळख करून देतो ती झबलम गावच्या देवळाचा सांगा, म्हणजे कारभारी, अशी, आणि वाचणाऱ्याला वाटतं कुठला तरी भटजी संधी साधून राजा झाला. पण इलचे स्वतःचे लेख आहेत आणि त्यात तो एनाकल्लेचा नातू असल्याचं सांगतो, म्हणजे थेट राजघराण्यातला. हे एन्मेतेनाला माहीत नसेल असं होऊच शकत नाही, त्याने शिस्तीत गाळलं.

इलनेही पाणी वळवलं, जव दिलं तर फक्त ३६०० गुरू. एन्मेतेनाने माणसं पाठवून जाब विचारला तर हा म्हणतो निंगिर्सुचा हद्दीचा कालवा माझा, नान्शे देवीचा पण माझा, आणि अंतासुरापासून एदिमगलअब्झुपर्यंत बांध मी सरकवणार. एन्लिल आणि निनहुर्साग यांनी त्याला ते करू दिलं नाही, एवढंच शंकू सांगतो. यावेळी ढिगारे नाहीत, पळालेला राजा नाही. काहीतरी तडजोड झाली असावी असाच याचा अर्थ बहुतेक जण लावतात आणि मला पण तेच पटतं, कारण जिंकला असता तर याने सांगितल्याशिवाय राहिला नसता.

टायग्रिसचा कालवा म्हणजे काय प्रकरण?

उम्मा वरच्या अंगाला, लगाश खाली. वरचा पाणी तोडत राहिला तर खालच्याने काय करायचं? एन्मेतेनाने दुसऱ्याच बाजूने, टायग्रिसवरून पाणी आणलं आणि त्याच्या एका बांधकामाला पायापासून दगड घातला. ज्या मुलखात दगड औषधालाही मिळत नाही तिथे ही मोठी गोष्ट.

पण याला दुसरी बाजू आहे. १९५८ मध्ये थॉर्किल्ड याकोबसेन आणि रॉबर्ट अॅडम्स यांनी असं मांडलं की याच नव्या मुबलक पाण्याने जमिनीखालची पातळी वर आली, मीठ वर आलं आणि गिर्सुच्या परिसरातली जमीन क्षारपड होत गेली. गहू मिठाला टिकत नाही, जव बऱ्यापैकी टिकतं. त्यांच्या आकड्यांप्रमाणे इ.स.पू. ३५०० च्या सुमारास गहू आणि जव जवळपास बरोबरीने होते, एन्मेतेनाच्या काळापर्यंत गिर्सुला गहू एक षष्ठांशावर आला आणि इ.स.पू. २१०० पर्यंत दोन टक्क्यांच्याही खाली. नंतर काही अभ्यासकांनी यावर जोरदार आक्षेप घेतले, सुमेरियन लोकांना जमीन पडीक ठेवून मीठ धुवायचं कळत होतं आणि नुसत्या पिकाच्या प्रमाणावरून एवढं म्हणता येत नाही असं त्यांचं म्हणणं. वाद चालू आहे. पाण्याच्या भांडणावरचा उपायच जमिनीला नडला ही गोष्ट ऐकायला झकास वाटते, म्हणूनच जरा जपून सांगावी.

जगातला पहिला शांतता करार आणि पहिली कर्जमाफी त्याचीच ना?

आत्तापर्यंत सापडलेल्यांत सगळ्यात जुन्यांपैकी, असं म्हणा.

करार उरुकचा राजा लुगल-किनिशे-दुदु याच्याबरोबर. बाद-तिबिरा गावात एन्मेतेनाने एमुश नावाचं देऊळ बांधलं आणि तिथल्या भिंतींत ठोकायच्या मातीच्या खिळ्यांवर लिहिलं की त्या वेळी या दोघांनी आपसात भाऊपणा केला. एकच मजकूर असलेले असे खिळे डझनावारी मिळालेत. कलमं-बिलमं काही नाहीत, एक वाक्य फक्त. सिरियातल्या एब्ला शहराच्या पाट्यांमध्ये त्यानंतरचा पण खऱ्याखुऱ्या अटी-शर्तींचा करार आहे, त्यामुळे पहिला कोणता हे तुम्ही करार कशाला म्हणता त्यावर अवलंबून.

कर्जमाफीचं जास्त ठोस आहे. लगाशमध्ये त्याने लोकांवरची व्याजी कर्जं रद्द केली, आई मुलाकडे आणि मूल आईकडे परत आलं असं तो लिहितो. म्हणजे कर्जापायी माणसं गहाण पडायची, घरं तुटायची, ती सुटली. उरुक, लार्सा आणि बाद-तिबिरा इथल्या माणसांनाही त्याने मोकळं करून आपापल्या देवांकडे पाठवलं. लगाशच्याच उरुकगिनाने काही दशकांनी केलेल्या सुधारणा जास्त गाजल्या, पण एन्मेतेना त्याच्या आधीचा. आणि हाच माणूस उम्माच्या कर्जाचं चक्रवाढ मात्र शेवटच्या दाण्यापर्यंत लावतो.

लूव्रमधलं चांदीचं भांडं त्याचंच का?

हो. १८८८ मध्ये तेल्लोला मिळालं. उंची साधारण ३५ सेंटिमीटर, अंग चांदीचं, खाली तांब्याची बैठक आणि तिला सिंहाच्या पंजाचे चार पाय. पोटावर चार वेळा तोच पक्षी कोरलाय, सिंहाच्या तोंडाचा गरुड, निंगिर्सुची खूण, पंख पसरून समोर बघणारा. दोन ठिकाणी त्याने दोन्ही पंजांत सिंह धरलेत, बाकी दोन ठिकाणी हरणं आणि रानबकरे. आता फोटो मोठा करून जोडांकडे बघा, प्रत्येक सिंह शेजारच्या प्राण्याचं तोंड चावतोय, त्यामुळे सगळा पट्टा एका साखळीत अडकलाय, कुठे सुरू होतो कुठे संपतो कळत नाही. खांद्याजवळ बसलेल्या वासरांची ओळ, प्रत्येकाचा एक पुढचा पाय उचललेला, आत्ता उठणार अशी.

गळ्याभोवती लेख आहे. निंगिर्सुला महिन्याचं तेल अर्पण करायचं हे भांडं, एन्मेतेनाच्या आयुष्यासाठी. आणि शेवटी एक ओळ, त्या वेळी दुदु हा निंगिर्सुचा सांगा होता. राजाच्या वस्तूवर कारभाऱ्याचं नाव! या दुदुचं स्वतःचं कोरीव फलक पण लूव्रमध्येच आहे, बऱ्यापैकी पोहोचलेला माणूस असणार.

बगदादमधून चोरीला गेलेला पुतळा हाच ना?

हाच. डायोराइट दगडाचा, काळपट, उंची सुमारे ७६ सेंटिमीटर, वजन दीडशे किलोच्या घरात. हात जोडून उभा आणि डोकं नाही. डोकं चोरांनी तोडलं असं बरेच लोक समजतात पण ते चूक आहे, १९२० च्या दशकात लिओनार्ड वूली यांना उर शहरात तो मिळाला तेव्हाच बिनडोक्याचा होता. खांद्यावर आणि पाठीवर लेख आहे, त्यात देवळांची यादी आणि एन्लिलच्या देवळाला दिलेल्या जमिनी.

एप्रिल २००३ मध्ये बगदादचं म्युझियम लुटलं गेलं तेव्हा तिथून गेलेल्या वस्तूंत सगळ्यात जड हाच होता. उचलणं जमेना म्हणून चोरांनी तो जिन्यावरून घरंगळत नेला असावा, कारण पायऱ्या फुटलेल्या मिळाल्या. २००६ मध्ये अमेरिकेत हाती लागला आणि २०१० मध्ये बगदादला परत गेला.

ब्रिटिश म्युझियमचा खांब वेगळा का?

वेगळा. हद्दीवर लावण्यासाठी एन्मेतेनाने करून घेतलेला दगडी खांब, मजकूर शंकूच्या जवळचा. म्युझियमकडे तो खूप वर्षं होता, पण आयर्विंग फिंकेल यांनी वाचल्यावर २०१८ मध्ये त्यावर वेगळं प्रदर्शनच लावलं, विषय अर्थातच मधली ती कुणाचीच नसलेली पट्टी. फिंकेल यांच्या म्हणण्याप्रमाणे लेखनिकाने निंगिर्सुचं नाव नीट, ठसठशीत कोरलंय आणि उम्माच्या शारा देवाचं नाव मुद्दाम गिचमिड, वाचता येऊ नये असं. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा खोडसाळपणा, पण दगडावर.

उम्माची बाजू कुठे मिळते का?

मिळते, थोडी. इलनंतर आलेल्या गिशाकिदुचा लेख आहे, त्यात शारा देवाची हद्द ठिकाणांची नावं आणि अंतरं देऊन सांगितलीय, जुने दगड पुन्हा लावले म्हटलंय आणि ओलांडणाऱ्याला शाप दिलाय. मेसिलिमला दोन्हीकडचे लोक मानतात, रेघ मात्र आपापली. आणि गिशाकिदुची बायको बारा-इर्नुन, तिने शाराला दिलेला सोन्याचा छोटा पत्रा लूव्रमध्ये आहे. त्यावर ती सांगते, मी उर-लुम्माची मुलगी, एनाकल्लेची नात, इलची सून. ज्या उर-लुम्माला एन्मेतेना पळपुटा म्हणून मारतो त्याचीच मुलगी ही. आणि या सगळ्यांना ती लुगल, म्हणजे राजा म्हणते, तर एन्मेतेनाच्या लेखात तेच लोक नुसते उम्माचे एन्सी.

मग शेवटी जिंकलं कोण?

उम्मा, पण औटघटकेचं. एन्मेतेनानंतर मुलगा एन्आन्नातुम दुसरा आला आणि घराणं तिथे संपलं. मग एनेन्तर्झी, लुगलान्दा, उरुकगिना. उरुकगिनाच्या काळात उम्माच्या लुगलझागेसीने लगाशची देवळं जाळली, चांदी आणि मौल्यवान दगड लुटले. लगाशच्या कोणीतरी ती एकेका देवळाची यादी पाटीवर लिहून ठेवलीय आणि शेवटी म्हटलंय की या पापाची जबाबदारी लुगलझागेसीची देवी निसाबा हिने आपल्या मानेवर घ्यावी. थोड्याच वर्षांत अक्कडच्या सार्गोनने लुगलझागेसीला हरवलं आणि गळ्यात खोडा घालून निप्पुरला एन्लिलच्या दारात उभा केला.

एन्मेतेनाच्या शंकूचा शेवट पण शापाचा आहे, जो उम्मावाला जमीन घ्यायला हा पाट ओलांडेल त्याच्यावर निंगिर्सु जाळं टाको आणि त्याच्याच शहरातले लोक उठून त्याला भर शहरात मारोत. तसं काही लुगलझागेसीच्या वाट्याला आलं नाही, त्याला बाहेरचाच भेटला.

मूळ लेख स्वतः बघायचा असेल तर?

सीडीएलआय या ऑनलाइन संग्रहात शंकूचे फोटो आणि रोमन लिपीतलं लिप्यंतर फुकट आहे. पहिल्यांदा वाचताना हद्दीच्या गावांची नावं सोडून द्या, नाहीतर पहिल्याच रकान्यात अडकाल. आधी माणसं पकडा, उश, एनाकल्ले, उर-लुम्मा, इल याच क्रमाने, आणि प्रत्येकाच्या वेळी दगडाचं काय झालं तेवढं बघत जा.